धामकाठचे पवनार: राजधानीच्या वादापलीकडे

वर्ध्याहून नागपूरकडे निघाले की आठ-नऊ किलोमीटरवर धाम नदी आडवी येते आणि पुलापाशीच पवनार लागते. इथे येणारे बहुतेक लोक विनोबांसाठी येतात. परमधाम आश्रमात थोडा वेळ बसतात, नदीतल्या काळ्या खडकांपर्यंत उतरतात, गांधीजींच्या अस्थी जिथे विसर्जित झाल्या तिथले स्मारक पाहतात आणि सेवाग्रामची वाट धरतात. धामच्या याच काठांवर दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीची पांढर आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना ठाऊक असते त्यांच्याही मनात पवनारविषयी एकच प्रश्न असतो: वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ते हेच का? गेली साठ-सत्तर वर्षे पवनारचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो आहे. उत्तर ‘होय’ असेल तर पवनार मोठे, ‘नाही’ असेल तर विदर्भातल्या शेकडो नदीकाठच्या गावांसारखेच एक, अशी जणू समजूत झाली आहे. ती चुकीची आहे असे माझे म्हणणे आहे. राजधानीचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो पुराव्यानेच सुटला पाहिजे. पण पवनारचे मोठेपण त्याच्या निकालावर टांगलेले नाही. ते नदीच्या उताराच्या जागेत, भोवतीच्या काळ्या जमिनीत आणि माणसे पुन्हा पुन्हा याच ठिकाणी येऊन वसली या गोष्टीत आहे.

पाण्याकाठच्या पडक्या नगरांकडे पाहण्याची आपली नजर बरीचशी कोकणाने घडवली आहे, म्हणून आधी तिकडचे एक उदाहरण घेऊ. अलिबागच्या दक्षिणेला चौल-रेवदंडा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत या बंदराचे नाव येते, कान्हेरीच्या लेखांत ‘चेमुल’ म्हणून ते भेटते. पुढे पोर्तुगिजांनी रेवदंड्याला तटबंदी उभारली आणि 1740 मध्ये ते ठाणे मराठ्यांकडे आले. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्यांत तटाच्या भिंती आणि चर्चचे अवशेष उभे आहेत, पलीकडे पुळण आहे. चौल कोणत्या घराण्याची राजधानी होते, असा प्रश्न तिथे कोणी पहिला विचारत नाही. खाडी होती, गलबतांना आसरा होता, घाटावरचा माल तिथे उतरत होता, म्हणून चौल मोठे झाले, एवढे कारण सर्वांना पुरते. बंदराला आपण त्याच्या कामावरून मोजतो आणि नदीकाठच्या नगराला मात्र त्याच्या सिंहासनावरून. पवनारला चौलचे माप लावले तर काय दिसते, ते पाहण्यासारखे आहे. त्यासाठी आधी राजधानीचा वाद नीट समजून घ्यायला हवा, कारण त्या वादातच पवनारविषयीचा बराचसा पुरावा गुंतलेला आहे.

वाकाटकांच्या दोन मुख्य शाखा होत्या. एक वत्सगुल्माची, म्हणजे आजच्या वाशीमची. दुसरी नंदिवर्धनाची, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनची. या दुसऱ्या शाखेतला दुसरा रुद्रसेन हा गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताचा जावई. तो अकाली गेला आणि त्याची राणी प्रभावतीगुप्ता हिने मुलगा लहान असताना राज्याचा कारभार पाहिला. पुण्याचा ताम्रपट म्हणून ओळखला जाणारा तिचा दानलेख युवराज दिवाकरसेनाच्या तेराव्या वर्षी नंदिवर्धनाहून दिलेला आहे. पुढे तिचा धाकटा मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर आला. त्याच्या राज्याच्या अकराव्या वर्षापर्यंतचे लेख नंदिवर्धनाचे नाव घेतात. अठराव्या वर्षीचा चम्मकचा प्रसिद्ध ताम्रपट मात्र प्रवरपुराहून निघाला आहे. म्हणजे पाचव्या शतकात केव्हातरी या राजाने स्वतःच्या नावाचे नवे नगर वसवले आणि शासने तिथून निघू लागली. नगराचे नाव स्पष्ट आहे, पण ते कुठे होते हे एकाही लेखात सांगितलेले नाही. सगळा वाद या रिकाम्या जागेतून निघाला आहे.

ही जागा पवनारने भरून काढली ती महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी. विदर्भाच्या प्राचीन इतिहासावर त्यांच्याइतके काम दुसऱ्या कोणी केलेले नाही. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांनी संपादित केलेला खंड 1963 साली प्रसिद्ध झाला आणि आजही तो हाताशी घेतल्याशिवाय या विषयात पाऊल टाकता येत नाही. त्यांच्या मांडणीला तीन आधार होते. पहिला नावाच्या साम्याचा, दुसरा धामच्या काठावरच्या प्राचीन अवशेषांचा आणि तिसरा, सर्वांत वजनदार, आश्रमाच्या जमिनीत सापडलेल्या शिल्पपटांचा. त्या पटांत त्यांना रामकथेतले प्रसंग दिसले: भरतभेट, वाली-सुग्रीवांचे युद्ध, वालीचा अंत. प्रवरसेनाने राजधानी इथे आणल्यावर रामभक्त आईच्या सांगण्यावरून रामचंद्राचे देऊळ बांधले असावे आणि हे पट त्या देवळाचे असावेत, असा त्यांचा तर्क. प्रभावतीगुप्तेचा ऋद्धपूरचा ताम्रपट रामगिरिस्वामीच्या पायापासून दिलेला आहे आणि प्रवरसेनाच्या नावावर रामकथेचे एक महाकाव्य आहे, हे लक्षात घेतले की या तर्काची ओढ कळते. राजमाता, राजा, काव्य, देऊळ आणि नगर एका सूत्रात ओवले जात होते.

या मांडणीला खरा धक्का बसला तो मनसरमुळे. रामटेकजवळच्या मनसर येथे 1997-98 पासून जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांच्या देखरेखीखाली मोठे उत्खनन झाले. टेकडीवर विटांच्या भव्य देवालयाचे थर उघडे पडले आणि पायथ्याशी राजवाड्यासारखी इमारत मिळाली. तिथल्या मातीच्या मुद्रांकांवर अजयमित्र शास्त्री यांनी ‘प्रवरेश्वर’ हे नाव वाचले. वाकाटकांच्या लेखांत प्रवरेश्वराच्या देवालयाचा उल्लेख येतोच. ही दोन टोके जोडून डच संशोधक हान्स बाकर यांनी टेकडीवरचे देवालय हेच प्रवरेश्वर आणि शेजारचा वाडा व वसाहत हेच प्रवरपूर, असा सिद्धान्त मांडला. हा पुरावा हलका नाही. नावाच्या साम्यापेक्षा जमिनीतून निघालेला मुद्रांक केव्हाही भारी. आपल्या जिल्ह्याच्या अभिमानापोटी तो बाजूला सारणे म्हणजे मिराशींच्याच शिस्तीशी बेइमानी ठरेल, कारण मिळालेल्या पुराव्यानुसार मत बदलण्याची शिस्त याच पिढीने आपल्याला शिकवली. मनसरचे देवालय प्रवरसेनाने स्थापलेल्या प्रवरेश्वराचे होते, एवढे आज बहुतांशी मान्य करावे लागते.

तरीही देवालय सापडले म्हणजे राजधानीचा प्रश्न पूर्ण मिटला, असे होत नाही. राजाच्या नावाचे देवालय आणि राजाच्या नावाचे नगर एकाच ठिकाणी असणे स्वाभाविक आहे, अनिवार्य नाही. मनसर नंदिवर्धनापासून काही किलोमीटरवर आहे. इतक्या जवळ जायला शासनातले ठिकाण बदलून सांगण्याची गरज का पडली, हा प्रश्न उरतो. त्यावर असे उत्तर देता येते की नवे राजगृह, नवे देवालय आणि नवे नाव ही राजाची स्वतंत्र ओळख होती, अंतराचा त्याच्याशी संबंध नव्हता. हे उत्तरही पटण्यासारखे आहे. शिवाय त्या काळची राजधानी म्हणजे आजच्यासारखे एका जागी रुतलेले सचिवालय नव्हे. प्रवरसेनाचाच तेविसाव्या वर्षीचा तिरोडीचा ताम्रपट नरत्तंगवारी नावाच्या तिसऱ्याच ठिकाणाहून दिलेला आहे. राजा जिथे मुक्काम करी तिथून शासन निघे. म्हणून माझ्या मते तराजू आज मनसरकडे झुकलेला आहे. पवनारची बाजू पूर्ण खोडली गेलेली नाही, पण एकेकाळी तिला जो निःसंशय मान होता तो आता देता येत नाही. आता खरा प्रश्न असा, की हा मान काढून घेतल्यावर पवनारपाशी काय उरते?

याचे उत्तर शोधताना ताम्रपटांकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी ठरवावे लागते. ताम्रपट दान घेणाऱ्याच्या घरी राहतो, वारसांबरोबर गाव बदलतो, कधी मोडीत विकला जातो. प्रभावतीगुप्तेचे शासन पुण्यात मिळाले, पण ते विदर्भातल्या गावाचे आहे. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा 940 सालचा ताम्रपट मिळाला. त्यात दिलेले गाव मात्र दूर उत्तरेकडच्या कान्हना नदीकाठचे, नागपूर-नंदिवर्धन विभागातले आहे. तेव्हा एखाद्या गावी प्रवरपुराचा लेख मिळाला म्हणून प्रवरपूर जवळ होते, असे म्हणता येत नाही आणि पवनारला तसा लेख मिळाला नाही म्हणून ते प्रवरपूर नव्हते, असेही म्हणता येत नाही. ताम्रपटातली हलणारी गोष्ट म्हणजे तो पत्रा. न हलणारी गोष्ट म्हणजे त्यात लिहिलेल्या चतुःसीमा. नदी, शेजारची गावे, दिशा यांचा हिशेब जमिनीला बांधलेला असतो, आणि वर्ध्याच्या इतिहासाला खरा उजेड इथूनच मिळतो.

प्रभावतीगुप्तेच्या त्या पुण्याच्या ताम्रपटात सुप्रतिष्ठ आहारातले दंगुण हे गाव दान दिलेले आहे. लेखाची पद्धत आजच्या खरेदीखतासारखी रोखठोक आहे: दंगुण हे विलवणकाच्या पूर्वेला, शीर्षग्रामाच्या दक्षिणेला, कदापिंजनाच्या पश्चिमेला आणि सिदिविवरकाच्या उत्तरेला. मिराशींनी नकाशा पुढे ठेवून दंगुण म्हणजे हिंगणघाट असे ठरवले, कारण त्याच्या पश्चिमेला वणी आणि पूर्वेकडे कडाजना ही गावे आजही आहेत. प्रवरसेनाच्या दुसऱ्या वर्षाचा जांबचा ताम्रपटही याच सुप्रतिष्ठ आहारातल्या कोथुरक गावाचा आहे. त्याच्या सीमेतले मंडुकीग्राम म्हणजे वणा नदीवरचे मांडगाव. पंधराशे वर्षांत राजे, धर्म, वजनेमापे, भाषा सगळे बदलले आणि तरी शेताच्या बांधावरची गावे आपापल्या दिशांना उभी आहेत. यातून सिद्ध होते ते हे, की पाचव्या शतकात वणा आणि धामचा हा प्रदेश ओसाड रान नव्हता. तो मोजलेल्या, नावे असलेल्या, शेजाऱ्यांच्या हद्दींनी बांधलेल्या गावांचा प्रदेश होता आणि ‘आहार’ नावाच्या महसुली विभागात बसवलेला होता. अशा प्रदेशाला बाजार लागतो, कारागीर लागतात, अधिकारी बसतील अशी जागा लागते. राजधानी कुठेही असो, या गावांच्या मध्यभागी एखादे नगर असणार, हे सीमांच्या या हिशेबातूनच दिसते.

ते नगर पवनार होते, असे म्हणायला उत्खननाचा आधार आहे. 1967 साली नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी इथे खोदकाम केले. पांढरीच्या थरांत सातवाहनांच्या आधीपासूनची वस्ती मिळाली, मग सातवाहन काळाची, मग वाकाटकांच्या काळाची आणि सर्वांत वर मध्ययुगाची. वाकाटकांच्या थराशी निगडित पुराव्यात विष्णुकुंडिन राजांची नाणी आहेत, ही गोष्ट फार बोलकी आहे. विष्णुकुंडिन हे आंध्रातले राजघराणे आणि त्यांची वाकाटकांशी सोयरीक होती; त्यांच्या एका राजाचा जन्म दोन्ही कुळांना भूषण म्हणून लेखांत गौरवला आहे. सोयरीक राजवाड्यात होते, पण नाणी बाजारातून फिरतात. धामचे पाणी वणेला मिळते, वणा वर्धेला, वर्धा वैनगंगेला आणि तेच पाणी प्राणहितेतून गोदावरीत उतरते. या पाणलोटाच्या खालच्या टोकाला ज्यांचे राज्य होते त्यांचे नाणे वरच्या टोकाच्या पवनारात सापडावे, यात पूर्वेकडच्या मुलखाशी असलेल्या देवघेवीची खूण आहे.

शिल्पपटांचे काय? इथेही मिराशींच्या मताला तोलामोलाचा प्रतिवाद झाला. अ. प्र. जामखेडकरांनी या पटांची नव्याने छाननी केली आणि त्यांतली दृश्ये रामकथेपेक्षा कृष्णकथेशी जुळतात असे मांडले. दृश्यांची ओळख बदलली तर ‘रामभक्त राजमातेचे राममंदिर’ हा धागा सैल होतो, हे खरे. पण राम की कृष्ण या प्रश्नाच्या खाली जी गोष्ट आहे तिला धक्का लागत नाही. दोन्ही वाचनांत ही शिल्पे वैष्णव देवालयाची आहेत, वाकाटक शैलीची आहेत आणि कथेचे प्रसंग ओळीने सांगणारी आहेत. मकरावर उभी असलेली गंगेची मूर्तीही पवनारलाच मिळाली आहे. नदीदेवता ही गुप्त-वाकाटक काळात देवळाच्या दाराशी कोरली जाई. म्हणजे इथे नुसती भिंतीत बसवलेली चार चित्रे नव्हती, द्वारशाखांसह पुरते देऊळ होते. कोणी म्हणेल, दगड दुसरीकडून आणलेले असतील. एखादी सुटी मूर्ती तशी येऊ शकते. पण एकाच शैलीचे इतके पट एकाच जागी जमिनीतून निघतात, त्याच गावाच्या पांढरीत त्याच काळाचा थर मिळतो, तेव्हा ते इथलेच मानणे हा सरळ निष्कर्ष आहे. कलेवर एवढा खर्च करणारा आश्रयदाता या गावात होता, आणि तो राजा असो वा सरदार, गावाच्या ऐपतीची साक्ष तीच राहते.

या काळाबद्दल बोलताना ‘सेतुबंध’ या काव्याला वगळता येत नाही. महाराष्ट्री प्राकृतातले पंधरा आश्वासांचे हे महाकाव्य प्रवरसेनाचे मानले जाते. समुद्र कधी राज्याच्या सीमेला न लागलेल्या विदर्भाच्या राजाने समुद्रावर पूल बांधण्याच्या प्रसंगाला काव्याचा विषय केले आणि समुद्राचीच वर्णने त्यात मन लावून केली. बाणभट्टाने त्याची वाखाणणी केली, दंडीने महाराष्ट्रीचा नमुना म्हणून त्याचे नाव घेतले आणि नवव्या शतकात कंबोडियातल्या यशोवर्म्याच्या एका शिलालेखात प्रवरसेनाच्या सेतूचा उल्लेख झाला. आपल्या भाषेच्या पूर्वजेतले काव्य समुद्र ओलांडून तिथे पोचले होते. काव्य पवनारात लिहिले गेले की मनसरात, हे कोणी सांगू शकणार नाही आणि त्याने काही बिघडतही नाही. महत्त्वाचे हे, की समुद्रापासून दूर असलेला हा मुलूख जगापासून तुटलेला नव्हता. बंदरे म्हणजे संपर्क आणि आतला प्रदेश म्हणजे एकटेपणा, ही आपली सवयीची विभागणी वाकाटकांच्या विदर्भाला लागू होत नाही.

आता चौलचे माप. चौलला जी खाडी तो पवनारला धामचा उतार. काळ्या मातीच्या मुलखात पावसाळ्यात बैलगाडी चालत नाही, चाक आरीपर्यंत रुतते, आणि नदीकाठची माती तर पाऊल धरून ठेवते. अशा मुलखात नदी ओलांडायला खडकाळ पात्र ही मोठी देणगी असते. पवनारजवळ धामचे पात्र तसे आहे. पाणी ओसरले की काळे खडक उघडे पडतात आणि पायाला कठीण तळ मिळतो. नागपूर-रामटेकच्या बाजूने नैर्ऋत्येकडे वाशीमला जायचे तर वाट साधारण याच पट्ट्यातून जाते. म्हणजे वाकाटकांच्या दोन्ही शाखांमधल्या दळणवळणात हा भाग मधला टप्पा पडतो. आजचा नागपूर-वर्धा रस्ताही पवनारलाच धाम ओलांडतो. रस्ता बांधणाऱ्या आधुनिक अभियंत्याला आणि प्राचीन गाडीवानाला जमिनीने एकच सल्ला दिला, असे अनुमान काढायला इथे जागा आहे. काळी जमीन धान्य आणि कापूस देते, उतार व्यापार देतो आणि उंच काठ संरक्षण देतो. या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी असल्यावर नगराला राजाच्या कृपेची वाट पाहावी लागत नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. जागा इतकी सोयीची होती तर वस्ती सलग का नाही? वाकाटकांच्या नंतर कित्येक शतके पवनारच्या हकिगतीत जवळजवळ काहीच नाही. आक्षेप बरोबर आहे आणि म्हणूनच मी ‘अखंड परंपरा’ असा शब्द वापरत नाही. राजकीय केंद्र सरकले, वाटा बदलल्या, की उताराची किंमत कमी होते. चौलचेही तेच झाले: खाडी गाळाने भरत गेली, मुंबई वाढली आणि बंदर ओसरले. पण पवनारच्या बाबतीत ओसरण्यानंतर भरतीही आली. अकबराच्या काळात वऱ्हाडचा सुभा मोगलांकडे गेला तेव्हा त्यातल्या सरकारांपैकी एक पवनारच्या नावाचे होते आणि त्यात पाच महाल होते. अबुल फजल ‘ऐन-ए-अकबरी’त पवनारला उंचवट्यावरचा भक्कम किल्ला म्हणतो आणि दोन प्रवाहांनी तो तीन बाजूंनी वेढलेला आहे असे सांगतो. हे वर्णन वाचताना लक्षात येते की त्याला या जागेत जे दिसले तेच हजार वर्षांपूर्वीच्या वसाहतीलाही दिसले असणार. मोगल अंमलदारांना वाकाटकांचे नाव ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. त्यांनी जुन्या कीर्तीसाठी पवनार निवडले नाही, जमीन पाहून निवडले. सलग परंपरा असती तर सवयीने लोक राहिले असे म्हणता आले असते. मध्ये खंड पडूनही लोक परत आले, हाच जागेच्या गुणांचा अधिक पक्का पुरावा आहे.

लोकांच्या आठवणीत या काळाचे काय उरले? पवन राजाची गोष्ट. पवनारच्या या राजापाशी परीस होता, तो कुणब्यांकडून पैशांचा सारा घेतच नसे. नांगराचे लोखंडी फाळ घेई आणि परिसाला लावून त्यांचे सोने करी. इंग्रजी अमदानीतल्या वर्धा जिल्ह्याच्या गॅझेटिअरनेही ही कथा नोंदवली. तिच्यातून राजाचा काळ ठरवता येणार नाही, तसा प्रयत्नही करू नये. पण ज्या समाजाने ती सांगितली त्याचा अनुभव तिच्यात आहे. सत्तेची श्रीमंती नांगराच्या फाळातून येते, हे कुणब्याला कोणी शिकवावे लागत नाही. विदर्भात लोखंडाची परंपराही फार जुनी. नायकुंडला महापाषाणयुगीन वस्तीजवळ लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात मिळाली आहे. ताम्रपट आपल्याला दान देणाऱ्याची बाजू सांगतो, पवन राजाची गोष्ट सारा देणाऱ्याची. दोन्ही मिळून पवनारचा खरा पाया दाखवतात आणि तो पाया म्हणजे भोवतालची शेती.

एकोणिसाव्या शतकात या पायावरचा इमला दुसरीकडे हलला. 1862 मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा झाला. त्याचे ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते, मग 1866 मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर आखले गेले. 1867 मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरला पोचली ती वर्ध्यावरून. कापूस आता स्टेशनवर जाऊ लागला आणि नदीच्या उताराला पूर्वीचे मोल राहिले नाही. एकेकाळचे सरकारचे ठाणे नव्या शहरालगतचे गाव झाले. पडलेल्या तटाला आणि दरवाजांना कोणी शत्रू लागला नाही. त्यांचे काम संपले एवढेच.

आणि नेमक्या याच काळानंतर पवनारला नवे काम मिळाले. 7 मार्च 1938 रोजी प्रकृती खालावलेले विनोबा जमनालाल बजाजांच्या धामकाठच्या लाल बंगल्यात राहायला आले. 17 ऑक्टोबर 1940 रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनी पवनारमध्येच भाषण केले. 12 फेब्रुवारी 1948 रोजी गांधीजींच्या अस्थी धामेत विसर्जित झाल्या आणि त्या तारखेला इथे सर्वोदय मेळा भरू लागला. 1959 मध्ये विनोबांनी स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले, ज्यात कामाचे आणि निर्णयाचे सूत्र साधिकांच्याच हाती राहिले. 15 नोव्हेंबर 1982 रोजी त्यांचे देहावसान झाले तेही इथेच. वाकाटकांची शिल्पे प्रकाशात आली ती याच आश्रमवासीयांच्या कुदळीने. धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये गीतेवर बोलताना विनोबांनी भरताच्या भक्तीची महती सांगितली होती. पुढे पवनारच्या जमिनीत भरत-रामाच्या भेटीची मानलेली मूर्ती निघाली, तेव्हा त्यांनी ती वस्तुसंग्रहालयात न धाडता आश्रमात प्रतिष्ठित केली.

इथे एक आक्षेप पुरातत्त्वाच्या बाजूने येतो. पूजेतली मूर्ती अभ्यासाला दुरावते, भक्ताचे नाव शिल्पाच्या खऱ्या ओळखीवर चढते आणि आश्रमाची छाया उत्खननावर पडते. आश्रमाच्या बाजूनेही उलटे म्हणता येईल, की साधनेच्या जागेला पर्यटनाची आणि पुराणवस्तूंची गर्दी कशाला? दोन्ही बाजूंची काळजी खरी आहे. पण पवनारचे हे दोन भाग वेगळे करायला गेले तर दोन्ही अपुरे पडतात. आश्रमाने शेती केली म्हणून शिल्पे मिळाली, आणि त्याने जपली म्हणून ती विखुरली नाहीत. विदर्भातल्या कितीतरी पांढरी विटांसाठी आणि मातीसाठी खणल्या जाऊन संपल्या आहेत. शिवाय विनोबांना या काठाने जे दिले, म्हणजे उंच मोकळा काठ, वाहते पाणी, हाताने कसता येईल अशी जमीन आणि येण्याजाण्याची वाट, तेच याआधीच्या प्रत्येक वसाहतीला दिले होते. म्हणून आश्रम हा पवनारच्या इतिहासात बाहेरून आलेला पाहुणा नाही. तो तिथल्या थरांतला सर्वांत वरचा थर आहे आणि त्याचा अभ्यासही त्याच दृष्टीने झाला पाहिजे.

या विचारातून काही कामे समोर येतात. पवनारला येणाऱ्याला गाव, किल्ल्याचे अवशेष, नदीचा उतार आणि आश्रम या चारही गोष्टी एकाच फेरीत कळतील असा नकाशा आणि माहितीफलक हवा. त्या फलकावर ‘वाकाटकांची राजधानी’ असे ठोकून लिहू नये. मिराशींचे मत, जामखेडकरांचा प्रतिवाद आणि मनसरचा मुद्रांक हे तिन्ही प्रामाणिकपणे लिहावे. वाचकाला निकालापेक्षा वाद समजावून दिला तर तो जागेकडे अधिक लक्ष देऊन पाहतो. 1967 च्या उत्खननाला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. आता कालमापनाची साधने सुधारली आहेत आणि नव्या घरांचे पाये पांढरीत उतरत आहेत, तेव्हा पुन्हा पद्धतशीर खोदकाम होण्याची निकड आहे. त्यातून कदाचित प्रवरपुराचा मुद्रांक निघेल, कदाचित निघणार नाही. निघाला तर वर्धेकरांनी जरूर आनंद करावा. पण तो निघण्यावर पवनारची किंमत ठरवू नये. राजधान्या राजाच्या मर्जीने हलतात, आणि म्हणून राजधानी असणे हे गावाचे कर्तृत्व क्वचितच असते. सातवाहनांच्या आधीचे शेतकरी, वाकाटकांचे शिल्पकार, मोगलांचे अंमलदार आणि विनोबांच्या साधिका यांनी एकमेकांना न विचारता तीच जागा पसंत केली, हा मान पवनारने स्वतःच्या मातीच्या आणि पाण्याच्या बळावर मिळवला आहे आणि तो कोणताही नवा पुरावा काढून घेऊ शकत नाही.